मोठ्यात साठवा, लहानात विका : आगळाच्या बाटलीचा हिशेब



समजा, तुम्ही तोंडवलीत घरगुती कोकम आगळ करून पर्यटकांना विकणार आहात. बाटली केवढी घ्याल? बहुतेक जण फक्त बाटलीचा भाव बघतात. पण माल किती टिकणार, हेही तिच्या आकारावर ठरतं.

हे वाईनवाल्यांकडून शिकूया. रेड वाईनची नेहमीची बाटली ७५० मिलीची, मॅग्नम १.५ लिटरची. दोन्हींचं तोंड जवळपास सारखंच. म्हणजे बुचाखाली हवा साधारण तेवढीच, पण वाईन दुप्पट. प्रत्येक घोटाच्या वाट्याला ऑक्सिजन कमी येतो, म्हणून मॅग्नममधली वाईन सावकाश मुरते. ३७५ मिलीची लवकर मुरते आणि लवकर उतरतेही.

आपल्याला आगळ मुरवायचं नाही, टिकवायचंय. मीठ त्याला नासू देत नाही, पण लाल रंग वाचवत नाही. हवा, ऊन आणि उष्णता लागली की रंग तपकिरी होत जातो. आणि गिऱ्हाईक आधी रंगच बघतं!

आता गणित करा. झाकणाखाली १० मिली हवा राहिली, तर २०० मिलीच्या बाटलीत ती मालाच्या ५ टक्के, १ लिटरच्या बाटलीत फक्त १ टक्का. शिवाय लहान बाटली उन्हात लवकर तापते. प्लॅस्टिकमधून थोडी हवा आत जातेच, काचेतून नाही.

मग लहान बाटली नकोच का? तसं नाही. कोकमं पिकतात एप्रिल-मेमध्ये, पर्यटक येतात दिवाळी-डिसेंबरला. मधले सहा-सात महिने माल तुमच्याकडेच पडून असतो. सगळा माल मे महिन्यातच लहान बाटल्यांत भरलात, तर भांडवल अडकतं आणि रंगही जातो.

म्हणून असं करा :

१. आगळ ५ लिटरच्या फूड-ग्रेड कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरा, सावलीत ठेवा.

२. मागणी बघून एकेक कॅन उघडा आणि तो एकाच दिवशी स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत संपवा. अर्धा कॅन ठेवू नका.

३. पर्यटकाला २०० मिली द्या. मुंबईला नेऊन तो दोन-तीनदा सोलकढी करणार. लिटरची बाटली उघडली की महिनोन्महिने अर्धी पडून राहणार आणि नाव तुमचं खराब होणार. खानावळीला मात्र मोठी बाटलीच द्या, तिथे ती लगेच संपते.

या मोसमात एक प्रयोग कराच. एकाच दिवशी एक लहान आणि एक मोठी बाटली भरा, शेजारी ठेवा आणि दिवाळीत दोन्हींचा रंग बघा. पुढच्या वर्षी किती बाटल्या घ्यायच्या, ते मग तुम्हीच ठरवाल.