अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण वेबसाइटची जुनी पानं कुठं गेली? ब्लॉक झालेली पानं अशी शोधतात

31 मे 2023. जामखेड तालुक्यातलं चौंडी. अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीचा कार्यक्रम सुरू होता आणि तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी घोषणा केली, अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव देणार. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ‘अहिल्यानगर’ या नावावर अधिकृत शिक्का बसला.

त्यानंतर दुकानांच्या पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. पण पाटी बदलणं सोपं असतं. वेबसाइटचा पत्ता बदलताना मात्र एक चूक झाली, तर वर्षानुवर्षं जमवलेली पानं सर्चमधून गायब होऊ शकतात.

समजा, जिल्ह्यातलं एक छोटं न्यूज पोर्टल आहे. अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदाही तालुक्यांच्या बातम्या ‘अहमदनगर’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये आहेत. नाव बदलल्यावर पोर्टलने ‘अहिल्यानगर’ नावाचा नवा फोल्डर केला. जुनं नाव सर्चमध्ये दिसायला नको, म्हणून कुणीतरी जुना फोल्डरच ब्लॉक करून टाकला. महिनाभरात वाचक कमी झाले, जाहिरातीचे पैसे कमी झाले आणि फोल्डर ब्लॉक करणारा मुलगा एव्हाना पुण्याला नोकरीला गेला.

आता प्रश्न येतो, नेमकं काय काय ब्लॉक केलंय हे शोधायचं कसं?

आधी हे समजून घ्या, ब्लॉक एकाच जागी होत नाही

पान सर्चमध्ये दिसत नसेल, तर कुलूप चार ठिकाणी असू शकतं.

पहिली जागा म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. वेबसाइटच्या दारावरची ही पाटी असते. सर्च इंजिनच्या रोबोटने कुठं यायचं आणि कुठं नाही, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. 1994 मध्ये मार्टिन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली आणि 2022 मध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

दुसरी जागा म्हणजे पानाच्या कोडमधला नोइंडेक्स टॅग. ‘पान वाच, पण यादीत घेऊ नको,’ असा त्याचा अर्थ. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनला लांब ठेवण्याचा एक चौकोन असतो. साइट बनवताना तिथं टिक केली जाते आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते.

तिसरी जागा सर्च इंजिनच्या आत आहे. साइटचा मालक गुगलला किंवा बिंगला स्वतः सांगू शकतो की हे पान रिझल्टमधून काढा.

चौथी जागा सरकारी आदेश. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खाली केंद्र सरकार एखादी साइट बंद करायला लावू शकतं. तो ब्लॉक सहसा इंटरनेट कंपन्यांमार्फत होतो, त्यामुळे वेबमास्टरच्या यादीत तो सापडेलच असं नाही.

मग एपीआय म्हणजे काय?

ऑनलाइन सातबारा काढताना जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की ठरलेल्या नमुन्यात उतारा समोर येतो. एपीआयचं काम असंच चालतं. ठरलेला प्रश्न विचारायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचं. फरक इतकाच की इथं प्रश्न माणसाऐवजी प्रोग्रॅम विचारतो. त्यामुळे हजार पानं असली तरी एकेक क्लिक करत बसावं लागत नाही.

बिंग पूर्ण यादी देतं

मायक्रोसॉफ्टच्या बिंग वेबमास्टर टूल्समध्ये साइट आपलीच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. साइट गुगल सर्च कन्सोलमध्ये असेल तर तिथूनही ती आणता येते. मग सेटिंग्जमधल्या एपीआय ॲक्सेस विभागातून एक की मिळते.

ही की आणि साइटचा पत्ता देऊन ‘गेट ब्लॉक्ड यूआरएल्स’ नावाची विनंती पाठवायची. उत्तरात ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी येते. प्रत्येक पत्त्यासमोर चार गोष्टी असतात : एक पान ब्लॉक आहे की पूर्ण डिरेक्टरी, फक्त साठवलेली प्रत काढलीये की पानच काढलंय, ब्लॉक कोणत्या तारखेला केला आणि तो संपायला किती दिवस उरलेत.

आपल्या पोर्टलचा घोळ इथंच उघडा पडतो. यादीत नोंद एकच दिसेल, पण तिच्यासमोर ‘डिरेक्टरी’ लिहिलेलं असेल. म्हणजे त्या एका ओळीखाली चौदा तालुक्यांच्या सगळ्या बातम्या झाकल्या गेल्या. ‘रिमूव्ह ब्लॉक्ड यूआरएल’ ही दुसरी विनंती पाठवली की तो ब्लॉक निघतो.

या यादीत फक्त तिसऱ्या जागेवरचं कुलूप दिसतं. रोबोट्स फाइलने अडवलेली पानं हवी असतील, तर त्याच एपीआयमध्ये ‘गेट क्रॉल इश्यूज’ अशी वेगळी विनंती आहे. त्यामुळे पहिली यादी रिकामी आली, की सगळं ठीक आहे असं समजू नका.

आणि ही की पासवर्डइतकीच जपा. एका खात्याला एकच की मिळते आणि ती त्या खात्यातल्या सगळ्या साइट्सना चालते. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकणं म्हणजे घराची किल्ली चौकात टांगणं.

गुगल यादी देत नाही, पण पानागणिक उत्तर देतं

सर्च कन्सोलमधल्या रिमूव्हल्स विभागात काढलेली पानं डोळ्यांनी बघता येतात, पण ती यादी एपीआयमधून मिळत नाही. त्याऐवजी जानेवारी 2022 मध्ये गुगलने यूआरएल इन्स्पेक्शन एपीआय आणला. त्याला एका वेळी एक पत्ता द्यायचा. पान गुगलच्या यादीत आहे का, रोबोट्स फाइलने अडवलंय का, नोइंडेक्स टॅगने अडवलंय का आणि गुगलचा रोबोट शेवटचा कधी येऊन गेला, हे तो सांगतो.

मर्यादा आहे एका साइटसाठी दिवसाला 2,000 पानांची. 5,000 पानांचं पोर्टल असेल तर तपासायला तीन दिवस लागतील. त्यापेक्षा सर्च कन्सोलचा पेज इंडेक्सिंग अहवाल आधी बघावा. तिथं प्रत्येक कारणाखाली जास्तीत जास्त 1,000 पत्त्यांचा नमुना मिळतो.

खरी गंमत पुढं आहे, ब्लॉक म्हणजे डिलीट नाही

बिंगवरचा ब्लॉक 90 दिवसांनी संपतो. गुगलवर काढलेलं पान साधारण सहा महिने झाकलं जातं. मूळ फाइल सर्व्हरवर तशीच असेल, तर मुदत संपली की ती परत सर्चमध्ये येऊ शकते.

न्यूज पोर्टलच्या बाबतीत ही चांगली बातमी आहे. पण एखाद्या संस्थेच्या साइटवर चुकून लाभार्थ्यांची यादी चढली असेल, त्यात आधार नंबर आणि बँक खाती असतील, तर? 2017 मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी पोर्टल्स तपासली होती. सुमारे 13 कोटी लोकांचे आधार नंबर तिथून उघडे पडले असावेत, असा त्यांच्या अहवालाचा अंदाज होता. अशी फाइल फक्त ब्लॉक करून ‘काम झालं’ म्हटलं, तर तीन महिन्यांनी तीच फाइल पुन्हा कुणाच्याही हाती लागते.

त्यात एक लोकप्रिय चूक म्हणजे अशी फाइल रोबोट्स फाइलमध्ये लिहून ठेवणं. ती फाइल कुणीही उघडून वाचू शकतं. म्हणजे लपवायच्या गोष्टींचा पत्ता आपणच दारावर लावल्यासारखं झालं. शिवाय रोबोट्स फाइलने अडवलेलं पान गुगलचा रोबोट उघडतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्स टॅगही त्याला दिसत नाही आणि पानाचा पत्ता सर्चमध्ये राहू शकतो.

मग करायचं काय?

पान लोकांना दिसायला हवं असेल, तर ब्लॉक काढा आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं रीडायरेक्ट लावा. हे रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा, असा गुगलचा सल्ला आहे. ‘अहमदनगर’ टाइप करून शोधणारा माणूस मग ‘अहिल्यानगर’च्या पानावर आपोआप पोहोचतो.

पान कधीच दिसायला नको असेल, तर आधी ते सर्व्हरवरून काढा किंवा पासवर्डमागे ठेवा. ब्लॉकची विनंती त्यानंतर करा, म्हणजे सर्चमधली जुनी नोंद लवकर जाते.

थोडक्यात, यादीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : हे पान लोकांना दिसायला हवं की नको? उत्तर ‘हवं’ असेल तर ब्लॉक आजच काढा आणि ‘नको’ असेल तर ‘उरलेले दिवस’ हा रकाना शून्यावर यायच्या आत मूळ फाइल काढून टाका.