विंडोज १० चं काय करायचं? एका घरातले तीन कॉम्प्युटर आणि तीन उत्तरं

हेडफोन लावून ऐकायला ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना तारखा आणि आकडे घाईत निघून जातात, इथे ते नीट मांडलेत.

विषय आहे कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम. बदलायची का, आणि बदलायची तर कशी? आता तुम्ही म्हणाल, आमचं सगळं मोबाईलवर चालतं, आम्हाला काय त्याचं. पण घरात नाहीतर कुणाच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर असतोच. त्याच्या स्क्रीनवर काहीतरी मेसेज येतो आणि "तुला कळतं ना रे त्यातलं" म्हणून तो तुमच्याच गळ्यात पडतो. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, म्हणजे माझी तर सुटकाच नाही.

माझं आजोळ जिते. पनवेल-रोहा लाईनवर आपटा गेलं की जिते, मग हमरापूर, मग पेण. आजोळच्या घरात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हींवर विंडोज १० होतं. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. का दिली, ते समजलं की तुमच्या घरातल्या मशीनचं उत्तर तुम्हीच काढाल.

"सपोर्ट संपला" म्हणजे नेमकं काय?

विंडोज १० आलं २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. म्हणून त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. आजही चालू होतो, गाणी वाजतात, प्रिंट निघते. म्हणूनच मामा म्हणाला, "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?"

गोष्ट अशी आहे. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चुका असतात आणि त्या सतत सापडत राहतात. चूक सापडली की कंपनी ती बुजवणारा तुकडा पाठवते, त्याला पॅच म्हणायचं. सपोर्ट संपला म्हणजे हे पॅच यायचे थांबले. चुका सापडणं मात्र थांबत नाही. उलट विंडोज ११ साठी पॅच निघाला की हल्लेखोर तो उघडून बघतात, नेमकं काय दुरुस्त केलंय ते शोधतात आणि तीच चूक विंडोज १० मध्ये उघडी आहे का ते तपासतात. त्यामुळे पहिल्या दिवशी धोका थोडा असतो आणि दर महिन्याला वाढत जातो.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात, म्हणजे जेएनपीटीमध्ये, मर्स्क समूहाशी संबंधित एक टर्मिनल आहे. त्याचं काम त्या हल्ल्यात ठप्प झालं. मर्स्कने जगभरातलं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. हा व्हायरस विंडोजमधल्या ज्या चुकीतून पसरत होता, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. म्हणजे तीन महिने आधी.

यात अजून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हा व्हायरस एकदा आत शिरला की त्या मशीनमधले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पॅच केलेल्या शेजारच्या मशीनमध्येही जायचा. घरातला एक कॉम्प्युटर उघडा राहिला तर तो धोका त्याच वायफायवरच्या बाकीच्यांनाही असतो. दोन, सुरुवातीला तो शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट हवंच, पण ते कुठून येतंय तेही बघायला हवं.

आधी कामाची यादी

बहुतेक जण सुरुवात करतात ती "विंडोज ११ चांगलं आहे का?" या प्रश्नाने. मी उलटी सुरुवात करतो. एक कागद घ्यायचा आणि लिहायचं: या मशीनवर रोज काय काम होतं? त्याला काय काय जोडलेलं आहे? इंटरनेट लागतं का? आणि उद्या हे मशीन मेलं तर काय कायमचं जाईल? निर्णय या चार उत्तरांतून निघतो. व्हर्जनचा नंबर नंतर येतो.

पहिला कॉम्प्युटर: मामेबहिणीचा

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कॉलेजसाठी पनवेलहून असेंबल करून आणलेला. काम: असाइनमेंट, कोडिंग, व्हिडिओ कॉल. जोडलेलं खास काही नाही. इंटरनेट दिवसभर. म्हणजे अपग्रेड करायलाच हवं.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे, तेच सांगतं मशीन चालेल की नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी. कधी ती वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरच्या आतच असते.

हिच्या मशीनला ॲपने सांगितलं, चालणार नाही. ती तर नवीन घ्यायचंय म्हणून खूश झाली. पण प्रोसेसर दहाव्या पिढीचा होता. टीपीएम आतच होतं, फक्त बायोसमध्ये बंद होतं. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. ते चालू केलं आणि ॲपने हिरवा कंदील दिला. म्हणून "चालणार नाही" वाचून लगेच दुकानात पळू नका. आधी बायोस बघा. मात्र लॅपटॉपमध्ये बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

दुसरा कॉम्प्युटर: मामाच्या दुकानातला

हा खरा अवघड. मामाचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने, त्यामुळे पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्ड, खोक्यांवरची लेबलं अशी कामं येतात. शिवाय लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणं चालतं. म्हणजे आधार, पॅन, दाखले, सगळ्यांच्या प्रती याच मशीनमधून जातात.

या मशीनवर जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे, डोंगल लावून चालणारं. आणि विंडोज १० आहे ३२ बिटचं. इथे गाडी अडते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ३२ बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाहीत. डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळाला नाही, तर सॉफ्टवेअर गेलं.

सॉफ्टवेअर गेलं तर फाइल तरी राहतील ना? राहतील, पण वाचता येणार नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाइलच्या आत खरं तर मराठी अक्षरं नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचेच नंबर असतात, आणि फॉन्ट त्या नंबरांच्या जागी देवनागरी आकार काढतो. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतो तो नुसता कचरा. युनिकोडमध्ये 'ग' चा स्वतःचा ठरलेला नंबर असतो, म्हणून तुमच्या मोबाईलवरचा मराठी मेसेज जगात कुठेही मराठीच दिसतो. मामाकडे वर्षानुवर्षांची पावतीपुस्तकं आणि लेबलं जुन्या पद्धतीत आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गेल्या वर्षीचंच छापा, फक्त फोन नंबर बदला." दुकान चालतं ते त्याच्यावर.

म्हणून मामाच्या मशीनला मी हात लावला नाही. फक्त त्याचं इंटरनेट काढलं. ते आता डीटीपी आणि प्रिंटपुरतं आहे, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्यात जात नाही. ऑनलाइन कामासाठी एक सेकंडहँड, विंडोज ११ चालणारा कॉम्प्युटर घेतला. असा घेताना प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. इंटेल आय थ्री किंवा आय फाइव्हच्या पुढचा चार आकडी नंबर ८ किंवा ९ ने सुरू झाला पाहिजे, किंवा थेट पाच आकडी पाहिजे. गिऱ्हाइकाच्या फाइल या नव्या मशीनवर येतात, तपासल्या जातात आणि एका ठरलेल्या पेनड्राइव्हने जुन्याकडे जातात. यात धोका शून्य झाला नाही, बराच कमी झाला. सोबत एक सवय लावली: जुनी फाइल छापायला उघडली की तिची पीडीएफ करून ठेवायची आणि नवीन काम युनिकोडमध्येच करायचं. दोन-तीन सीझनमध्ये जुन्या मशीनची गरज आपोआप कमी होईल.

तिसरा कॉम्प्युटर: आजोबांचा

चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम. आजोबा यूट्यूबवर भजनं ऐकतात, बातम्या वाचतात, फोटो बघतात. विंडोज ११ यावर अधिकृतपणे चालत नाही. आडमार्गाने टाकता येतं, त्याचे व्हिडिओही सापडतील. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय.

आजोबांना मी लिनक्स मिंट दिलं. फुकट आहे आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सगळ्यात चांगलं म्हणजे ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला धक्का न लावता. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होतं का, हे सगळं बघून मगच टाकायचं. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की यूट्यूबचं चिन्ह डाव्या कोपऱ्यात पाहिजे.

पण हेच उत्तर मामाला दिलं असतं तर दुकान बंद पडलं असतं. लिनक्सवर डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर आणि बोटांच्या ठशांची मशीन चालतीलच असं नाही. आधी त्या-त्या कंपनीच्या साइटवर बघायचं.

मुदतवाढ आणि क्रॅक

अजून एक रस्ता आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या पॅचची मुदतवाढ दिलीय. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यात ठेवलात तर पैसे लागत नाहीत. विचार करायला वेळ हवा असेल तर हे जरूर घ्या. पण हा फक्त वेळ आहे, उत्तर नव्हे.

आणि क्रॅक केलेल्या विंडोजबद्दल स्पष्टच बोलतो. ॲक्टिव्हेटर चालवताना "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगतात. म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात किल्ली द्यायची आणि वर कुत्राही बांधून ठेवायचा. ओरिजिनल विंडोज १० असेल तर ११ वर जायला पैसे लागत नाहीत. ओरिजिनल नसेल तर लिनक्स क्रॅकपेक्षा कधीही बरं.

करायचं ठरलं तर या क्रमाने

१. आधी बॅकअप. दोन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मोजायचा नाही.

२. पासवर्ड, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि प्रिंटरचं मॉडेल कागदावर लिहा.

३. डाउनलोड ५ जीबीच्या वर जातं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसाल तर मध्येच अडकाल. जिथे वायफाय आहे तिथून करा.

४. लाईट जायचा भरवसा नसेल तर यूपीएस हवाच. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. पावसाळ्यात विजा चमकत असताना तर नकोच.

५. विंडोज अपडेटमधूनच किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक नको.

६. झाल्यावर साधारण १० दिवस मागे फिरायची सोय असते. त्या दहा दिवसांत रोजचं प्रत्येक काम एकदा करून बघा, स्कॅनर आणि प्रिंटरसकट.

वेळही बघून ठरवा. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि मुदतवाढ संपते १३ ऑक्टोबरला. आमच्या भागात गणपतीआधीचे दोन महिने कुणालाही श्वास घ्यायला वेळ नसतो. तेव्हा ज्या घरात किंवा दुकानात असं मशीन आहे, तिथे हे काम पावसाच्या आधीच उरकून घ्या.

आणि हो, हाच हिशेब तुमच्या खिशातल्या फोनलाही लागू आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती कधीची आहे? खूप जुनी असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवायचं का, हा प्रश्न आजच घरात बसून सोडवा. भेटू पुढच्या भागात.