पाच डॉलरची सायकल

१९७३ साली कॅलिफोर्नियातल्या जो ब्रीझ या तरुणाने श्विन कारखान्यात १९४१ मध्ये बनलेली एक जुनाट सायकल पाच डॉलरला विकत घेतली. ब्रीझ रस्त्यावरच्या शर्यतींत उतरणारा, पातळ टायर आणि हलक्या फ्रेमवर वाढलेला. ही खरेदी मात्र धूड होती : जाड फुगीर टायर, एकच गिअर, आणि पायडल उलटं दाबलं की लागणारा कोस्टर ब्रेक. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. वणवा लागला तर गाड्या वर नेता याव्यात म्हणून त्यावर मातीचे रस्ते काढलेले आहेत. ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि त्यांचे दोस्त अशा जुन्या सायकलींचे मडगार्ड, कॅरिअर आणि शोभेच्या खोट्या टाक्या उतरवून या रस्त्यांवरून सुसाट खाली येत.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. जेमतेम दोन मैलांच्या अंतरात सुमारे १३०० फूट उतार. कोस्टर ब्रेकचा हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यामुळेच त्या उताराला ‘रीपॅक’ म्हणू लागले. पहिली शर्यत ॲलन बॉन्ड्सने जिंकली.

पुढची सगळी प्रगती मोडतोडीतून आणि जुळवाजुळवीतून झाली. डोंगर चढताना सायकल ढकलावी लागू नये म्हणून फिशरने जुन्या फ्रेमवर डिरेल्युअर गिअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर, बसवले. दोघांच्या टँडम सायकलीचे ड्रम ब्रेक आले, मोटरसायकलच्या ब्रेकच्या मुठी आल्या. तरी जुन्या फ्रेमा कधी ना कधी तुटत. मग केलीने ब्रीझकडे नव्या फ्रेमची मागणी नोंदवली आणि १९७७ मध्ये ब्रीझने क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्या जोडून खास डोंगरासाठी सायकल बनवली. तिचे कोन त्याने जुन्या श्विनवरून घेतले होते, कारण उतारावर तीच ठेवण स्थिर राहते हे त्याने अंगाने अनुभवलं होतं. ती सायकल आज स्मिथ्सोनियनच्या संग्रहात आहे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ७५० डॉलरला दुकानात आली आणि हा खेळ जगभर गेला. म्हणजे माउंटन बाइकचा मूळ पुरुष दुरुस्त केलेली सेकंडहँड सायकल आहे. म्हणूनच जुनी माउंटन बाइक घेऊन ती हाताने उभी करणं मला या परंपरेचा मुख्य प्रवाह वाटतो. नवी घेणं परवडत नाही म्हणून पत्करलेली तडजोड वाटत नाही.

चाकाचं मापही त्याच भंगारातून आलं. श्विनने १९३३ मध्ये आणलेला फुगीर टायर २६ इंची होता, म्हणून पुढे जवळजवळ तीन दशकं बहुतेक माउंटन बाइक २६ इंचीच राहिल्या. २०१३च्या सुमारास मोठ्या कंपन्या २७.५ आणि २९ इंचांकडे वळल्या आणि कालपर्यंत उत्तम असलेल्या सायकली बाजारात कवडीमोल झाल्या. आपल्या दृष्टीने ही पर्वणी आहे. आपल्याकडच्या साध्या ‘गिअरवाल्या’ सायकलीही बहुतांश २६ इंची असल्याने टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळतात. शिमानोचे ७, ८ आणि ९ गिअरचे डोंगरी मागचे डिरेल्युअर एकमेकांच्या जागी चालतात. १३५ मिलिमीटरचा मागचा हब आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पायडलांचा आस फिरतो तो भाग) असेल तर सुटे भाग अजून मिळतात. पूर्ण सायकल नव्या मापांची असावी हा हट्ट सोडला तर खर्च निम्म्याहून खाली येतो.

अशी जुनी सायकल बघायला जाल तेव्हा ती धुतलेली नसली तर बरं. विकणाऱ्याकडे बिल मागावं आणि बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली कोरलेला नंबर त्याच्याशी ताडून पाहावा. चोरीची सायकल स्वस्त पडत नाही. मग सगळा वेळ फ्रेमला द्यावा, कारण बाकी सगळं बदलता येतं. हँडलखालची उभी नळी खालच्या तिरक्या नळीला मिळते तो सांधा, बॉटम ब्रॅकेटभोवतीची वेल्डिंग, सीटच्या नळीचं तोंड आणि मागच्या चाकाजवळचे कोपरे फडक्याने पुसून तिथे नख फिरवावं. रंगाला गेलेली केसासारखी रेघ हा तडा असू शकतो. समोर आदळलेल्या सायकलीच्या खालच्या नळीला, त्या सांध्यापासून बोटभर अंतरावर, बहुधा बारीक सुरकुती पडलेली असते. पोलादी फ्रेमचा तडा चांगला कारागीर ब्रेझिंग करून जोडू शकतो. ॲल्युमिनियमची तडकलेली फ्रेम घेऊ नये. वेल्डिंगनंतर तिला पुन्हा उष्णतेची प्रक्रिया लागते आणि ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात होत नाही.

आपल्या पावसाळ्याने जडणारा रोग म्हणजे अडकलेला सीटपोस्ट. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी नळी आणि मध्ये ओल, की गंज फुगतो आणि दोन्ही एकजीव होतात. कोकणात, घाटमाथ्यावर वापरलेल्या सायकलीत हे आवर्जून तपासावं. बोल्ट सैल करून सीट वर-खाली होते का, हे पैसे देण्याआधी करून पाहायचं. होत नसेल आणि उंची आपल्या मापाची नसेल तर सरळ परत फिरावं.

चेन पट्टीने मोजता येते. एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या दुव्याच्या पुढच्या पिनपर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. एक-सोळांश इंच वाढली असेल तर चेन बदलायची. एक-अष्टमांश वाढली असेल तर मागची दातेरी चक्रंही गेली असं समजून किंमत पाडून मागावी. मागे उभं राहून डिरेल्युअरचा पिंजरा चक्रांना समांतर आहे का बघावं. तो आत झुकलेला असेल तर बहुधा हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, वाकलाय. तो सरळ करता येतो, तरी गिअर न लागण्याचं निम्मं दुखणं तिथेच असतं.

सस्पेन्शन फोर्कबाबत मी कडक आहे. रॉकशॉक्ससारखी कंपनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस वापराच्या दर ५० तासांनी करायला सांगते, आणि आपल्याकडे विकायला आलेल्या बहुतेक सायकलींचा फोर्क एकदाही उघडलेला नसतो. चकचकीत नळ्यांवर रेघोट्या असतील तर तो भंगारात जाणार हे धरूनच हिशेब करावा. बदल्यात सस्पेन्शन नसलेला पोलादी फोर्क बसवता येतो. मात्र त्याची लांबी जुळायला हवी : दर २० मिलिमीटर कमी झाले की हँडलखालच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो, आणि ब्रीझने जपलेली उतारावरची स्थिरता तिथेच हरवते.

घरी आणल्यावर पहिलं काम रीपॅकवाल्यांचंच : हब आणि हँडलचे छर्रे उघडून, रॉकेलने धुऊन, नवं ग्रीस भरणं. हबमधला ‘कोन’ (छर्रे दाबून धरणारा नट) इतकाच आवळावा की चाक हलू नये आणि अडकूही नये. बॉटम ब्रॅकेट उघडताना लक्षात असू द्या, चेनच्या बाजूचा कप उलट आट्यांचा असतो, आणि डावं पायडलही. ताकद लावून आटे घालवलेल्या फ्रेमा मी पाहिल्या आहेत. चाकाचा आउट (डगडग) काढण्याचं काम सुरुवातीला जुन्या मिस्त्रीकडे द्यावं आणि शेजारी बसून शिकावं. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर तेल बदलताना कंपनी बघणं जीवनमरणाचं आहे : शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, अ‍ॅव्हिडच्या जुन्या ब्रेकला डॉट (DOT) ब्रेक फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात गेलं की रबरी सील फुगतात आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतो.

टायर घेताना नुसतं ‘२६चा द्या’ म्हणू नये. २६ × १ ३/८ हा घरगुती सायकलीचा टायर ५९० मिलिमीटरच्या रिंगवर बसतो. माउंटन बाइकची २६ इंची रिंग ५५९ची असते. टायरच्या कडेला हा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. नव्या केबली पहिल्या काही फेऱ्यांत सैलावतात, तेव्हा पहिला उतार छोटा निवडून, परतल्यावर गिअर, ब्रेक आणि स्पोक पुन्हा आवळून घ्यावेत. मोठा घाट त्यानंतर.