बेवारस वाहन आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाराची हद्द

शहरात रस्त्याकडेला महिनोन्महिने उभ्या असलेल्या मोटारीवर नोटीस चिकटवून ती उचलून नेण्याची महापालिकांची पद्धत आता परिचित झाली असली, तरी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात हाच प्रश्न उभा राहिला, तर त्याचे उत्तर कोणत्याही एका कायद्यात सापडत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील किंवा मोकळ्या जागेवरील अडथळा हटवण्याचा आणि त्याचा खर्च संबंधिताकडून वसूल करण्याचा अधिकार पंचायतीला देते. मात्र अडथळा हटवणे निराळे आणि दुसऱ्याच्या मालकीची वस्तू विकून टाकणे निराळे. टायर बसलेली, सीट फाटलेली, वेड्या बाभळीत अर्धी बुडालेली जीपही परिवहन कार्यालयाच्या दप्तरी कोणाच्या तरी नावावर असतेच.

गुरांच्या बाबतीत पंचायत इतकी परावलंबी नाही. राळेगणसिद्धीने चराईबंदी, म्हणजे गुरे मोकाट चारण्यावरील बंदी, गावाच्या संमतीने अमलात आणली. शिवाय मोकाट जनावरासाठी कोंडवाड्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमातच असून, मुदतीत मालक न आल्यास जनावराचा लिलाव करता येतो. मोटारसायकलीसाठी असा कोंडवाडा कायद्याने पंचायतीच्या हाती दिलेला नाही, आणि खरी अडचण येथेच आहे.

त्यामुळे पंचायतीला पोलिसांकडे वळावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन हलवण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलिस अधिकारी देऊ शकतो आणि ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. मालक शोधण्यासाठी पंचनामा होतो. नंबरप्लेट गायब असल्यास सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक गंज खरवडून वाचावा लागतो, कारण अहिल्यानगरच्या ‘एमएच १६’ मालिकेतील नोंदीपर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग उरतो. जप्त वाहनाचा मालक अज्ञात असल्यास दंडाधिकारी उद्घोषणा काढून हक्क सांगण्यास ६ महिन्यांची मुदत देतात. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले होते. आवारांची अवस्था पाहता ते फारसे मनावर घेतले गेलेले दिसत नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९७८ च्या कायद्याने टाकून दिलेली वाहने हटवण्याचे कर्तव्यच स्थानिक परिषदांवर सोपवले आहे.

मालक सापडला, तर काम सोपे होते. २०२१ च्या नियमांनुसार वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे वाहन दिल्यास जमा प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या वाहनाच्या करात सवलतही घेता येते. वाहन कायमचे निकामी झाल्यास १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवण्याचे बंधन कलम ५५ ने मालकावर घातलेले आहे. परंतु गाडी परस्पर भंगारवाल्याला देऊन नोंदणी तशीच ठेवणाऱ्याचे नाव, गाडीचे तुकडे होऊन गेल्यावरही, मालक म्हणून दप्तरी कायम राहते.