व्हेर्दोंच्या दरीभोवती सायकल

फ्रान्समधली व्हेर्दों नदीची दरी काही ठिकाणी तब्बल ७०० मीटर खोल आहे, आणि तिच्या दोन्ही काठांवरून डांबरी रस्ता जातो! मुस्तिए गावातून निघून ला पालू, त्रिगान्स, एग्विनमार्गे परत, साधारण १०० किलोमीटर.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच करा. फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे दरी कायम तुमच्या बाजूला राहते. ला पालूजवळचा २३ किलोमीटरचा 'रूत दे क्रेत' हा रस्ता जोडायचा असेल, तरी हीच दिशा हवी, कारण त्याचा काही भाग एकेरी आहे.

खरा कस दक्षिण काठावर लागतो. आर्तुबी नदीवरचा उंच पूल ओलांडला की पुढे फायेचे बोगदे आणि मग व्होमालपर्यंतचा चढ, जवळपास १२०० मीटर उंचीपर्यंत. सावली कमी, गावं विरळ. त्यानंतरचा उतार थेट सांत-क्रुआ तलावापर्यंत नेतो, पण मुस्तिएला पोहोचायला पुन्हा चढावं लागतं, तेव्हा पायात थोडी ताकद राखून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये गाड्यांची भयंकर गर्दी असते. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा, त्रिगान्सलाच बाटल्या भरून घ्या आणि बोगद्यांसाठी मागचा दिवा विसरू नका.