धारगळला घुमलेल्या तालाचं मूळ

2024 च्या डिसेंबरअखेर ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव धारगळला आला, तेव्हा पेडण्यात बोलणं झालं ते आवाजाचं, वाहतुकीचं आणि पंचायतीच्या परवानगीचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. हे सगळं बोलायलाच हवं होतं. पण ज्या संगीतावरून एवढं रान उठलं ते आलं कुठून, हे कुणी विचारल्याचं कानावर आलं नाही. पाश्चात्त्य धांगडधिंगा म्हणून आपण त्याची बोळवण केली. त्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आहेत.

1977 मध्ये शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड लावायचा आणि नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण असायचे. त्या क्लबच्या नावावरूनच ‘हाऊस’ हे नाव पडल्याचं सांगतात. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन शाळासोबत्यांनी पुढे ‘टेक्नो’ घडवलं. आजच्या डीजेचा लय न मोडणारा ठेका या दोन शहरांतला.

त्याच शिकागोत 1983 मध्ये सॅम्युएल फ्लॉइड यांनी कृष्णवर्णीय संगीताच्या संशोधनाचं केंद्र उभारलं. त्याआधी, 1971 मध्ये, आयलीन सदर्न यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा सलग इतिहास लिहिला होता. पुढे त्या हार्वर्डला प्राध्यापक झाल्या. घानाचे क्वाबेना न्केतिया यांनी सुरुवात आपल्याच अकान लोकांच्या मर्तिकाच्या विलापगीतांपासून केली, आणि 1974 चं त्यांचं आफ्रिकी संगीतावरचं पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत लागलं. अशा संशोधकाचं आयुष्य गावोगावी ऐकण्यात, ध्वनिमुद्रणात, भाषा शिकण्यात आणि मग वर्षानुवर्षं लिहिण्या-शिकवण्यात जातं.

तो नेमकं काय ऐकतो, ते घरबसल्या करून पाहता येईल. एकतालासारख्या बारा मात्रा मोजा आणि 1, 3, 5, 6, 8, 10, 12 वर टाळी द्या. घाना-टोगोतल्या एवे लोकांच्या लोखंडी घंटेवर वाजणारा हा क्रम आहे. आता शेजाऱ्याला 1, 4, 7, 10 वर पाय आपटायला सांगा. टाळी आणि पाय फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर भेटतात. बाकी सगळा वेळ ओढाताण, आणि नाचणाऱ्याला उचलून धरते ती हीच. घानाचेच कोफी अगावू यांनी 1995 मध्ये या लयीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी एवे भाषेच्या बोलण्यातल्या लयीपासून सुरुवात केली. ज्याला बोली कळते त्याला ताल लवकर उलगडतो, हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण इथेच पेडणे-डिचोलीच्या मुलामुलींचा हक्क पोचतो. पोर्तुगिजांनी मोझांबिकहून गुलाम करून माणसं गोव्यात आणली. त्यांतले अनेक जण पळून घाटावरच्या रानात गेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. त्यांची बोली कोकणीच्या घरातली, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यांचा दमाम हा ढोल आणि त्यावरचं नाचगाणं अजून जिवंत आहे. गुजरातच्या सिद्दींच्या संगीतावर नझीर जयराझभॉय आणि अ‍ॅमी कॅटलिन यांनी मोठं काम केलं, चित्रपट काढले. कर्नाटकच्या सिद्दींवर पाशिंग्टन ओबेंग हे आफ्रिकी अभ्यासक लिहून गेले. ओबेंग यांना ही बोली परकी होती. धारगळच्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच दिवशी बरीचशी समजेल. शिवाय घुमटाचा ठेका त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेला आहे.

दुसरं दालन जॅझचं. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये आला आणि गोंयकार वादकांनी ती विद्या उचलली. हळदोण्याचा चिक चॉकलेट तर ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगचा भक्त. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या ‘अलबेला’त, 1951 साली, तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये या इतिहासावर इंग्रजीत उत्तम पुस्तक लिहिलं. ते मराठीत यायला हवं.

या संशोधनाच्या वाटेला संगीताचीच पदवी लागते असं नाही. इतिहास, भाषा, समाजशास्त्र यांतूनही लोक येतात. गुरुग्रामला जयराझभॉय यांच्याच पुढाकारातून 1982 मध्ये उभं राहिलेलं ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय आहे. सुरुवात तिथे बसून ऐकण्यापासून करावी. आणि सिद्दींच्या वाड्यावर रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्याने आधी त्यांची परवानगी घ्यावी, गाणाऱ्याचं नाव लिहावं आणि एक प्रत वाड्यावर ठेवावी. ह्यू ट्रेसी यांनी 1950 मध्ये केनियात मुद्रित केलेली गाणी त्या गावांत परत पोचायला सहा दशकं लागली. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती ऐकायला उरले नव्हते.