फुकटच्या खेळातले सोरट

जत्रेतील सोरट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नाणे द्यायचे, घडी घातलेली चिठ्ठी उचलायची आणि आतील आकड्यावर मांडलेली वस्तू घरी न्यायची. मनात भरलेले असे मोठे घड्याळ किंवा बाहुली. हाती बहुधा येई कंगवा नाहीतर शिट्टी. तरीही ‘अजून एकदा’ असे म्हणत पोरे पुन्हा खिशात हात घालीत. वडीलधारे दंडाला धरून तेथून ओढून नेत, कारण सोरट कुठे आहे आणि खिशातले नाणे कधी निघाले, हे त्यांना डोळ्यांनी दिसत असे.

आज तेच सोरट आपल्या नातवंडांच्या फोनमध्ये मांडलेले आहे. तेथे नाणे दिसत नाही आणि सोरटवालाही दिसत नाही. म्हणून त्याची ओळख करून घेणे घरातील ज्येष्ठांच्या हिताचे आहे.

खेळ कसा असतो?

या खेळांत पडद्यावर एक विस्तीर्ण जग उभे केलेले असते आणि त्यात खेळणाऱ्याने हवे तिकडे हिंडावे अशी मुभा असते. चीनमधील मिहोयो या कंपनीचा ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी आला आणि जगभर पसरला. त्यात डोंगर, दऱ्या आणि जुनी राज्ये आहेत. त्यानंतर हीच कल्पना आधुनिक शहरात आणण्याची चढाओढ सुरू झाली. हॉटा स्टुडिओने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘नेव्हरनेस टू एव्हरनेस’मध्ये उंच इमारती आहेत, मोटारी चालवता येतात आणि घरही घेता येते. चित्रे देखणी, संगीत उत्तम, कथा रंजक. नातवंडे त्यात रमतात, याचे नवल वाटायला नको.

हे खेळ विनामूल्य उतरवून घेता येतात. मग कंपनीची मिळकत कशातून होते? ‘गाचा’तून. जपानमध्ये नाणे घालून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यात बंद खेळणे बाहेर टाकणारी यंत्रे असतात. मूठ फिरण्याच्या आवाजावरून त्यांना ‘गाचा’ हे नाव पडले. खेळातील नवी पात्रे आणि शस्त्रे याच रीतीने सोडतीतून मिळतात. हवे ते पात्र ठरावीक किमतीला सरळ विकत घेण्याची सोय सहसा नसते. विकली जाते ती केवळ संधी.

हिशेब मांडून पाहू

‘गेनशिन इम्पॅक्ट’चे मूळ नियम उदाहरणादाखल घेऊ. सर्वांत मौल्यवान पात्र एका सोडतीत मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. याचा अर्थ, सलग ५० सोडती केल्या तरी चारांपैकी जवळजवळ तिघांचे हात रिकामे राहतात. ९० व्या सोडतीपर्यंत असे एक पात्र मिळण्याची हमी असते. परंतु ते हवे तेच असेल याची शक्यता निम्मी. नशिबाने पाठ फिरवली, तर १८० सोडती कराव्या लागतात.

एका सोडतीला १६० रत्ने लागतात, म्हणजे एकूण २८,८०० रत्ने. रोज खेळून काही रत्ने फुकट मिळतात. मात्र सगळी विकत घ्यायची ठरवली, तर शंभर डॉलरच्या सर्वांत मोठ्या नेहमीच्या संचाच्या दराने हा खर्च साडेतीनशे डॉलरच्या घरात जातो. एका पात्रासाठी!

हा हिशेब खेळताना सहज का दिसत नाही? कारण रुपयांचे आधी स्फटिक होतात, स्फटिकांची रत्ने होतात आणि रत्नांची सोडतीची तिकिटे होतात. तीन वेळा रूप पालटलेला पैसा पैसा वाटेनासा होतो. मुलाला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, “आजी, मी पैसे कुठे घालवले? रत्ने घालवली!”

टीका कोण करते?

या पद्धतीवरील टीका खेळांचा तिटकारा असलेल्या मंडळींपुरती मर्यादित नाही. खेळावर प्रेम करणारे खेळाडूच तिच्याविषयी कळकळीने तक्रार करतात. नवे पात्र साधारण तीन आठवड्यांपुरतेच सोडतीत असते, म्हणून ‘आता नाही तर मग कधी?’ अशी घाई मनात निर्माण होते. फुकट रत्ने मिळवण्यासाठी रोज ठरलेली कामे उरकावी लागतात आणि खेळाची नोकरी होऊन बसते. शिवाय पुढे आणखी बलवान पात्र आले, की कालचे फिके पडते.

टीकेचा परिणामही होत आहे. ‘अनंता’ या शहरी खेळाच्या निर्मात्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले, की पात्रे सोडतीत ठेवली जाणार नाहीत. मिळकत पोशाखांसारख्या शोभेच्या वस्तूंतून होईल. सोडतीवाचूनही असा खेळ बांधण्याचा विचार होऊ शकतो, हे यातून दिसते.

शासनसंस्थांनीही लक्ष घातले आहे. जपानने २०१२ मध्ये गाचाचा एक विशिष्ट प्रकार बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा सोडत-पेट्यांना जुगार मानले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ‘गेनशिन इम्पॅक्ट’च्या अमेरिकेतील वितरकाशी तडजोड केली. कंपनीने दोन कोटी डॉलर भरावेत आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून सोडत विकू नये, असे ठरले. भारतात २०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गाचात परत पैसे मिळत नाहीत, मिळते ते चित्रातील पात्र. त्यामुळे कायदा झाला म्हणून घराने निर्धास्त होणे योग्य नाही.

मन कुठे अडकते?

बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित असले, की तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ अधिक चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. फाशांच्या या ओढीचे वर्णन ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तातही आढळते. दुबळेपणा मुलाच्या स्वभावात शोधू नये. ही मानवी मनाची जुनी खोच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिले असून, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणे आणि हानी होत असूनही खेळ वाढत जाणे, ही त्याची तीन लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर टिकून असावी लागतात. सुटीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवू नका. पण झोप उडाली, जेवण टळू लागले, मित्र तुटले, पैशांबाबत लपवाछपवी सुरू झाली, तर वाट पाहू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

घरात एवढे करा

- आपल्या फोनचे कुलूप आणि यूपीआयचा पिन नातवंडांना सांगू नका. लाडाचे ते सर्वांत महाग रूप ठरते.
- फोनच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय असते. ती मुलाकडून किंवा सुनेकडून सुरू करून घ्या. साठवून ठेवलेले कार्ड काढून टाका.
- निवृत्तिवेतनाच्या खात्याला फोन जोडलेला असेल, तर व्यवहारांसाठी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते वापरा. बँकेचे संदेश रोज पाहा.
- रत्ने स्वस्तात देतो असे सांगणाऱ्या अनोळखी व्यक्तीला पैसे देऊ नका. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा.
- खाऊचे पैसे खेळात घालायचेच असतील, तर महिन्याची रक्कम आई-वडिलांसमोर ठरवा आणि वहीत रुपयांतच लिहा.

विचारायचा प्रश्न

‘किती वेळ खेळतोस?’ हा प्रश्न मुलांच्या कानांवरून निघून जातो. त्याऐवजी शेजारी बसून विचारा, “बाळा, तुला कोणते पात्र हवे आहे? किती सोडती झाल्या? त्याचे रुपये किती होतात, मला करून दाखव बरे.” बोलण्यात आरोप नसेल, तर तो उत्साहाने सांगेल, आणि रुपये मोजता मोजता त्याला स्वतःलाच बरेच काही उमगेल. मग त्याला जत्रेतल्या सोरटाची गोष्ट सांगा. घड्याळ मांडलेले असायचे ते जिंकण्यासाठी की भुलवण्यासाठी, हे त्यालाच ठरवू द्या. फोनमधले बारकावे तो आपल्याला शिकवील. सोरटवाल्याची ओळख मात्र आपणच त्याला करून देऊ शकतो.